उठू नकोस, मी जोडून देतो

ज्याला ही गोष्ट खोटी वाटेल, त्याने खुशाल खोटी म्हणावी. मी वाद घालणार नाही.

मी आयुष्यभर मुलांना शिकवलं. आधी गणित, मग शाळेत संगणक आले तेव्हा संगणक. सिद्ध केल्याशिवाय फळ्यावर कधी उत्तर लिहिलं नाही. या प्रसंगाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तो घडला, आणि तेव्हा मी तिथे होतो.

ठिकाण आमचं कारा-जिल्गा. नारिन शहराच्या वर, डोंगराच्या कुशीतलं गाव. तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. जानेवारीची सुट्टी होती, शाळा रिकामी होती.

आणि वेळ दुपारची होती. भर दुपारची.

त्या दिवशी माझी विद्यार्थिनी पेरिझात हिची मुलाखत होती. राजधानीत, बिश्केकच्या एका कॉलेजात दूरसंचाराचं शिक्षण देतात. निवड झाली तर राहणं, जेवण, शिक्षण सगळं त्यांच्याकडे. मुलाखत लॅपटॉपवरून, चार वाजता. नाही झाली तर वसंतात पोरगी मॉस्कोला जाणार होती. तिची आई तिथे एका खानावळीत भांडी घासते. आईने शेजारच्या मोरीवरची जागा लेकीसाठी बोलून ठेवली होती.

पेरिझातचा हा दुसरा प्रयत्न होता. वयामुळे तिसरा मिळणार नव्हता.

पहिल्या प्रयत्नाबद्दल सांगायलाच हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आदल्या हिवाळ्यात, हीच मुलाखत, हीच खोली, हाच लॅपटॉप. बोलता बोलता मध्येच नेट गेलं. तेव्हा शाळेत एसेनगुल शिकवत होता. माझाच विद्यार्थी, माझ्यानंतर माझ्या जागेवर आलेला. आमच्याकडे शिक्षकाला आगाय म्हणतात. मुलं त्याला एसेन आगाय म्हणायची. शाळेमागच्या टेकडीवर अँटेना आहे, ती वाऱ्याने फिरली असणार, असं तो म्हणाला. खिशात मोबाइल टाकला. वर रेंज मिळाली तर तिथूनच हॉटस्पॉट देतो, म्हणाला.

दारात वळून पेरिझातला म्हणाला, "उठू नकोस. मी जोडून देतो."

आणि बर्फात गेला.

पोरगी बसून राहिली. अंधार पडला तरी बसून राहिली. शेवटी बायकांनी तिला बाकावरून उचलून घरी नेलं.

एसेनगुल वसंतात सापडला. घळीत, मेंढपाळांना. मोबाइल मात्र सापडला नाही.

आता त्या दिवसाकडे येतो.

सकाळी ऊन होतं. बर्फ असा चमकत होता की डोळे मिटावे लागत. पेरिझात फडक्यात नान बांधून घेऊन आली, थर्मासमध्ये चहा होता. एसेनगुल गेल्यापासून संगणकाची खोली पुन्हा मीच सांभाळत होतो. तिथली लोखंडी शेगडी पेटवली. संगणक चोरीला जाऊ नयेत म्हणून त्या खोलीच्या खिडक्यांना गज आहेत. थंडीसाठी दुहेरी काच आणि फटींवर चिकटवलेले कागद.

हे लक्षात ठेवा. त्या खोलीतून बाहेर पडायला एकच दार आहे, आणि शाळेतून बाहेर पडायलाही एकच.

दुपारी चहा प्यायलो. नानचा शेवटचा तुकडा तिने मला दिला.

"खा आगाय. तुम्ही उपाशी राहिलात की फार शिकवता."

"आणि पोट भरल्यावर?"

"तेव्हाही शिकवता. पण हळू आवाजात."

मी हसलो. तोवर वारा सुटला होता. आमच्याकडे वादळ आधी सांगून येत नाही. खिडकीतून टेकडी दिसत होती… मग दिसेनाशी झाली. मग अंगणातला झेंड्याचा खांबही.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात वायफायचं चिन्ह असतं ना, एकावर एक कमानींचं? त्यावर फुली आली.

"आगाय…" पेरिझातचा आवाज एवढासा झाला.

"घाबरायचं नाही. आधी काय बघायचं?"

"आधी साधं बघायचं," ती पाढा म्हटल्यासारखी म्हणाली.

मुलांना मी हेच शिकवत आलो. बिघाड दिसला की पोरं एकदम मोठ्या कारणाकडे धावतात. आधी साधं बघावं. लॅपटॉपचं वायफाय चुकून बंद झालंय का? नव्हतं. राउटरचा दिवा लागलाय का? लागला होता, पण लाल. मी राउटरची पिन काढली, तीसपर्यंत मोजलं, परत लावली.

"तुम्ही मेलेल्या घोड्यालाही बंद करून चालू कराल," पेरिझात पुटपुटली.

"उठला तर फायदाच आहे. पुढचं?"

"नेटवर्क विसरायला सांगायचं. मग नव्याने जोडायचं."

तिने तसं केलं. पासवर्ड घातला. जोडलं गेलं. खाली अक्षरं आली… इंटरनेट नाही.

"याचा अर्थ सांग."

"लॅपटॉप राउटरपर्यंत पोहोचतोय. राउटर पुढे कुठेच पोहोचत नाहीये." तिचे डोळे भरून आले. "घर आहे, दार आहे, रस्ता नाही. म्हणजे टेकडीवरची अँटेना. पुन्हा तीच."

मी काही बोलायच्या आत दिवे गेले.

राउटरचा लाल डोळाही मिटला. मोबाइल पाहिला तर रेंज शून्य. वीज गेली की आमचा टॉवरही थोड्या वेळात जातो. लॅपटॉपची बॅटरी तेवढी भरलेली होती. नेटवर्कच्या यादीत काही नव्हतं. ना शाळेचं, ना खालच्या दुकानाचं, ना आरोग्य केंद्राचं.

यादी रिकामी होती.

"चल, खाली गावात जाऊ," मी म्हणालो. "कोणाकडे तरी जनरेटर असेल."

शाळेचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं. मी ढकललं. हललं नाही. खांदा लावला. वरच्या फटीतून बर्फाची पांढरी कड दिसली. वाऱ्याने उंबऱ्यापाशी माझ्या छातीपर्यंत बर्फ रचला होता. फावडं होतं, पण ते दाराबाहेर, भिंतीला टेकवलेलं.

आम्ही आत अडकलो होतो.

"कोणीतरी येईल," मी म्हणालो. "सगळ्यांना ठाऊक आहे आपण इथे आहोत."

"चारच्या आत येतील?"

मी तिला कधी खोटं सांगितलेलं नाही. तेव्हाही सांगितलं नाही.

ती खोलीत परत जाऊन लॅपटॉपसमोर बसली. मी शेगडीत कोळसा घालत होतो.

"आगाय."

आवाज असा होता की माझ्या हातातला चिमटा थांबला.

"यादीत एक आलंय…"

मी चष्मा लावून वाकलो.

एकच नाव होतं. एकच कमान उजळलेली. अगदी लांबचा सिग्नल असतो तसा.

नाव होतं… एसेन-आगाय.

आम्ही दोघं त्याकडे बघत राहिलो. पेरिझातने कशालाही हात लावला नव्हता. माऊस टेबलाच्या कडेला पडला होता.

आणि लॅपटॉप आपणहून जोडला गेला.

आता हे नीट समजून घ्या. हॉटस्पॉटला नाव कोणीही काहीही देऊ शकतो. पण लॅपटॉप आपणहून जोडला जातो तो ओळखीच्याच नेटवर्कला. नाव तेच हवं आणि पासवर्डही तोच हवा. एसेनगुल त्या लॅपटॉपवर आपल्या फोनचा हॉटस्पॉट वापरायचा, म्हणून ती ओळख आदल्या हिवाळ्यापासून होती. तो फोन घळीत कुठेतरी बर्फाखाली होता. आणि समजा कोणाला सापडला असता, तरी टॉवर बंद होता. त्या फोनला इंटरनेट मिळणार कुठून?

पण मिळत होतं.

कॉलेजचं पान उघडू लागलं. अर्धं उघडून अडकलं.

"सिग्नल कमी आहे," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. "एका कमानीवर चित्र चालणार नाही."

"मग काय करायचं?"

सवय वाईट असते. तोंडातून उत्तर गेलंच. "लॅपटॉप घेऊन फिरायचं. कुठे वाढतो ते बघायचं."

आम्ही फिरलो. मागच्या भिंतीपाशी सिग्नल गेला. खिडकीपाशी एक कमान. आतल्या बंद व्हरांड्यात एक. बाहेरच्या दाराकडे जाऊ लागलो तशी… दुसरी कमान उजळली.

दाराशी थांबलो. आम्ही हलत नव्हतो.

तिसरी कमान उजळली.

आम्ही जागेवर होतो. म्हणजे दुसरं कोणीतरी जवळ येत होतं.

मग आवाज आला. दाराच्या पलीकडून, पायरीवर… धप. धप. आत यायच्या आधी माणूस बुटांवरचा बर्फ झाडतो, तसा.

त्या पायरीवर छातीइतका बर्फ होता. तिथे माणूस उभा राहूच शकत नव्हता.

आमच्या लेकरांना बोलता यायला लागलं की पहिल्यांदा एक वाक्य शिकवतात. दारात पावलं वाजली की ते तोंडातून आपोआप निघतं. कोण आहे ते बघायच्या आधी निघतं. दारी आलेला माणूस नान चाखल्याशिवाय परत जाता कामा नये. मी तिचं तोंड दाबायला हात उचलला, पण उशीर झाला होता.

"या, आत या," पेरिझात म्हणाली. "नान चाखून जा."

वारा थांबल्यासारखा वाटला.

दार उघडलं नाही. कडीसुद्धा हलली नाही. फक्त माझ्या गालावरून एक गारवा आत गेला, नुकत्याच बाहेरून आलेल्या कपड्यांना असतो तसा.

लॅपटॉपवर सगळ्या कमानी उजळल्या.

पेरिझातने माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या लॅपटॉपकडे. चार वाजायला आले होते.

"जाऊ नकोस त्या खोलीत," मी म्हणालो.

"मग कुठे जाऊ?" तिने विचारलं. "मॉस्कोला?"

ती आत गेली. मुलाखतीचा नियम होता की खोलीत दुसरं कोणी असता कामा नये, दार बंद हवं. तिने दार लोटलं. मी व्हरांड्यात, दाराला पाठ लावून जमिनीवर बसलो.

आत बिश्केकच्या बाईंचा आवाज आला. स्वच्छ, एकदाही न तुटता. नाव विचारलं, गाव विचारलं. पेरिझात उत्तरं देत होती. सुरुवातीला अडखळत, मग नीट. मला वाटलं, निभावलं.

मग बाई थांबल्या.

"मुली, तुझ्या मागच्या बाकावर जे सर बसलेत ना, त्यांना बाहेर जायला सांग. नियम माहीत आहेत ना तुला?"



दार माझ्या पाठीला लागून होतं. हात मागे नेला असता तर उघडलं असतं. पण मी आत गेलो, तर कॅमेऱ्यात खरोखरच दुसरा माणूस दिसणार होता. मुलाखत तिथेच संपणार होती, कायमची. नाही गेलो, तर पोरगी आत एकटी. म्हणजे… एकटी नाही.

मी हात मागे नेला. कडीवर ठेवला. तिथेच ठेवून बसलो.

पेरिझातने मागे वळून पाहिलं नसावं. वळली असती तर ती पुढे बोलू शकली असती असं मला वाटत नाही.

"एजे," ताई म्हणावं तशी ती म्हणाली, "ते आमचे शिक्षक आहेत. इथे वादळ आहे, दार बर्फाने बंद झालंय. त्यांना बाहेर जाता येत नाही."

"अगं, पण त्यांनी काही सांगितलं तर…"

"ते बोलणार नाहीत."

बाईंनी उसासा टाकला. "ठीक आहे. निदान त्यांना शेगडीजवळ तरी बसू दे. पार भिजलेत ते."

पुढचे प्रश्न सुरू झाले. शेवटचा मला अजून आठवतो. हाच विषय का शिकायचा आहे?

पेरिझात म्हणाली, "आमच्याकडे नेट गेलं की कोणीतरी टेकडीवर चढतं. कोणाला चढावं लागू नये, म्हणून."

दाराच्या पलीकडे बाक करकरला.

मुलाखत संपली. बाईंनी निरोप घेतला. मी दार ढकललं.

"तिथेच थांबा, आगाय!" ती ओरडली. ती ताठ बसली होती, दोन्ही हात टेबलावर. ओठ पांढरे. "मला उठता येत नाहीये."

"अगं, ऊठ बाळा. झालं सगळं."

"त्यांनी सांगितलंय उठू नकोस म्हणून. आणि आगाय… मी त्यांना नान चाखा म्हणाले. नान कुठे आहे?"

नान नव्हतं. फडकं झटकलं, टेबलाखाली चाचपलं. एक कण नव्हता. आमच्यात बोलावलेला पाहुणा चाखल्याशिवाय उठत नाही. आणि तो बसलेला असताना यजमानही उठत नाही.

बाक मला रिकामा दिसत होता. लॅपटॉपवर सगळ्या कमानी उजळलेल्या होत्या.

मी तिच्या समोर जमिनीवर बसलो. तिला लहानपणी शिकवलेले पाढे म्हणायला लावले. बाहेर अंधारू लागलं, शेगडी विझत आली. मध्येच ती थांबायची, तिच्या मानेवर शहारा यायचा, आणि मी म्हणायचो, "पुढचा." ती पुढचा म्हणायची.

शेवटी बाहेर फावड्यांचा आवाज आला. माणसांचे आवाज, शिव्या, हसणं. दार उघडलं आणि मोकळा वारा आत घुसला. त्याच क्षणी पेरिझातचे हात टेबलावरून सुटले. ती माझ्या अंगावर कोसळली.

लॅपटॉप बंद पडला होता. बॅटरी संपलेली.

मागच्या बाकाला मी हात लावला. ओला होता, आणि पाणी गोठायला लागलं होतं. व्हरांड्यात मात्र कुठेही ओलं पाऊल नव्हतं.

"कोळशाचा धूर चढला असेल डोक्यात," गावातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. असेल. पण बिश्केकच्या त्या बाईंच्या खोलीत कोळसा नव्हता.

पेरिझातची निवड झाली. शरदात ती गेली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"आगाय, कॉलेजने नवा लॅपटॉप दिलाय. कोरा. पेटीतून मीच काढला. यादीत पहिलं नाव त्यांचं आहे."

मी तिला म्हणालो, घरी ये. त्या बाकावर तुझ्या हाताने नान ठेव, चाखा म्हण. पाहुणा मोकळा होईल, तूही होशील. ती हो म्हणाली. पहिल्या सुट्टीत आली नाही. दुसऱ्या सुट्टीतही नाही.

जूनमध्ये मी रागावलोच. "तुला भीती वाटते का?"

"आधी वाटायची," ती म्हणाली. "इथे वसतिगृहात नेट सारखं जातं. मुली रडतात, परीक्षा बुडतात. माझं कधीच जात नाही. एकदाही गेलं नाही. अजून थोडे दिवस, आगाय. शेवटची परीक्षा होऊ दे. मग देते ना नान."

"पोरी, तो माणूस तिथे अडकलाय."

तिचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्पष्ट येत होता. आणि तिच्या मागे कोणीतरी बूट आपटून बर्फ झाडत होतं… धप. धप.

बिश्केकला त्या दिवशी पंखे लावूनही झोप येत नव्हती.

त्यानंतर मी तिला फोन केलेला नाही. तीच करते.

एसेनगुलची आई, सायराकान आपा, माझ्या घराच्या खालच्या अंगाला राहते. दर गुरुवारी ती कढई ठेवते, बोरसोक म्हणजे पिठाचे छोटे गोळे तळते. तेलाचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोहोचतो, त्याची भूक भागते, अशी आमची रीत आहे. परवा कुंपणाशी भेटली. म्हणाली, "आगाय, वास तर पार टेकडीपर्यंत जातो. मग माझं पोरगं स्वप्नातसुद्धा का येत नाही हो? कोणी अडवून ठेवलंय त्याला?"

मी म्हणालो, "येईल."

पेरिझातला मी कधी खोटं सांगितलं नव्हतं. आपाला सांगितलं.

आज गुरुवार आहे. खिडकीतून तेलाचा वास येतोय. सकाळपासून वीज नाही, टॉवरही बंद आहे. हे मोबाइलवर लिहून ठेवतोय, रेंज आली की पाठवीन.

थांबा…

फोन वाजतोय. पेरिझातचं नाव दिसतंय.

रेंज अजून आलेली नाही.